घरी असते, म्हणजे काय करते?



शाळेत मुलाचं नाव घालताना एक छापील अर्ज भरावा लागतो. मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता असं लिहीत लिहीत आपण एका रकान्यापाशी येतो. तो रकाना असतो आईच्या व्यवसायाचा. गुरुजी विचारतात, "आई काय करते?" बाप चटकन सांगून टाकतो, "काही नाही, घरीच असते." गुरुजी 'गृहिणी' असं लिहितात, घाईत असले तर नुसती आडवी रेघ ओढतात. बापाच्या मनात काही वाईट नसतं आणि गुरुजींच्याही नसतं. बोलायची रीतच तशी पडली आहे. पण या आडव्या रेघेखाली केवढं काम झाकलं जातं, ते का झाकलं जातं, आणि झाकलं गेल्यामुळे कुणाचं काय नुकसान होतं, एवढं तीन प्रश्नांचं आजचं माझं भाषण आहे.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक घर डोळ्यांपुढे आणू या. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात मंचरजवळ अवसरी नावाची दोन गावं आहेत, अवसरी खुर्द आणि अवसरी बुद्रुक. खुर्द म्हणजे धाकटी नि बुद्रुक म्हणजे थोरली. एका घरातल्या दोन जावाच म्हणा ना. त्यातल्या थोरलीच्या, म्हणजे अवसरी बुद्रुकच्या शिवारात, गावठाणापासून दूर, मळ्यात एक घर आहे असं समजा. घरात नवरा-बायको, सासूबाई, चार वर्षांची मुलगी आणि दहा महिन्यांचा मुलगा. गोठ्यात दोन गाई. थोडा कांदा-बटाटा, थोडा ऊस. हे घर मी मनानं रचलेलं आहे; पण अशी घरं तुमच्या ओळखीची असतील, कदाचित तुमचंच असेल.

पहाटे पाचला ही बाई उठते. म्हणजे उठायला बघते. कारण तिच्या अंगाची ऊब बाजूला झाली की धाकट्याला लगेच कळतं. त्याला पाजून, थोपटून ती पुन्हा उठते. पाणी तापत ठेवणं, गोठ्यातलं शेण काढणं, गाईंपुढे वैरण टाकणं. नवरा धारा काढतो आणि दूध घेऊन डेअरीला जातो. तो परत येईपर्यंत चहा झालेला पाहिजे. मग भाकरी. आता भाकरीचंच पाहा. आठ भाकऱ्या थापायला सवयीच्या हाताला अर्धा तास पुरे. पण दुसरी भाकरी तव्यावर असताना धाकटा रांगत चुलीकडे येतो. त्याला उचलून लांब बसवावं तर तेवढ्यात भाकरी करपते. चौथ्या भाकरीला मोठी हाक मारते, "आई, झालं." पिठाचे हात धुवायचे, तिला धुवायचं, पुन्हा हात धुवायचे, पुन्हा पीठ मळायचं. पाचव्या भाकरीला सासूबाई विचारतात, "अगं, माझी गोळी कुठं ठेवलीस?" गोळी फळीवर असते, पण ती कुठल्या फळीवर आहे हे एकटीलाच ठाऊक असतं. अर्ध्या तासाच्या भाकऱ्यांना असा तास लागतो. नवऱ्याला वाटतं, एवढ्याशा भाकऱ्यांना इतका वेळ कसा? सासूबाईंना वाटतं, हिचा हात जड आहे. आणि तिला स्वतःलाही वाटू लागतं, की आपल्यालाच काही उरकत नाही.

पुढचा दिवस मी सगळा सांगत बसत नाही. तो तुम्हांला ठाऊक आहे. मुलीची वेणी, अंगणवाडी, धाकट्याची अंघोळ, धुणं, भांडी, शेतात न्यायची न्याहारी, दुपारचं कालवण, पुन्हा धुणं, पुन्हा चहा, संध्याकाळच्या धारा, दिवेलागण, जेवणं, आवराआवर. दहा महिन्यांच्या मुलाला अंगावरच्या दुधाखेरीज दिवसातून तीन-चार वेळा मऊ अन्न भरवावं लागतं. एका वेळेला वीस मिनिटं धरली तरी निव्वळ भरवण्यात तास-सव्वा तास जातो. त्यात त्यानं थुंकलेलं पुसणं मोजलेलं नाही.

या सगळ्या कामांकडे नीट पाहिलं तर ती तीन जातींची आहेत असं दिसतं. करण्याची कामं, राखण्याची कामं आणि ध्यानात ठेवण्याची कामं. हे तिन्ही प्रकार वेगळे ओळखले म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

करण्याची कामं डोळ्यांना दिसतात. दळण, कांडण, पाणी, सरपण, स्वयंपाक, धुणं. ही कामं गेल्या दोन-तीन पिढ्यांत खरोखरच हलकी झाली आहेत. आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसत. पुढे गिरणी आली, नळ आला, गॅस आला, काही घरांत कपडे धुण्याचं यंत्रही आलं. जात्यावर बसलेल्या बायांनी आपल्या कष्टांचा हिशेब ओव्यांत घालून ठेवला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या दोघांनी पुण्यात राहून आणि गावोगावच्या बायांना बरोबर घेऊन अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या ओव्या भरपूर आहेत. बाप, भाऊ, लेकरू, सासर, माहेर, राम आणि विठ्ठल असं सगळं त्यांत आहे. लिहिता न येणाऱ्या बायांनी तोंडी राखलेली ही वहीच म्हणायची. जातं गेलं हे बरंच झालं. त्या कष्टांची हौस कुणालाही नव्हती. मात्र जात्यापाशी दोघी समोरासमोर बसत आणि मनातलं बोलत. गिरणीच्या रांगेत दळण उरकतं, पण तसं बोलणं होत नाही.

तेव्हा करण्याची कामं हलकी झाली हे कबूल. मग आजची तरुण आई दमते कशानं? ती दमते दुसऱ्या जातीच्या कामानं, राखण्याच्या.

उभ्या पिकाची राखण आपल्याला माहीत आहे. ज्वारी हुरड्यात आली की माणूस माळ्यावर बसतो. पाखरं आली की गोफण फिरवायची, नाही आली तर नुसतं बसायचं. सकाळपासून एकही पाखरू आलं नाही, म्हणून "तू आज काय केलंस?" असं राखणदाराला कुणी विचारत नाही. तो तिथं होता हेच त्याचं काम. त्याची मजुरी आपण बिनबोभाट देतो. रांगत्या मुलाची राखण अगदी तशीच आहे, फक्त माळ्यावरून कधी उतरता येत नाही. आणि या राखणीचा एक नियम ध्यानात घ्या. भाकरी चटपट करता येते, धुणं यंत्रावर टाकता येतं. पण मुलाकडे एक तास लक्ष ठेवायला एक तासच लागतो. तो तास पाऊण तासात उरकण्याची कुठलीही युक्ती नाही, आणि त्यासाठी कुठलं यंत्र निघालेलं नाही. मोबाइल हातात दिला की मूल गप्प बसतं खरं. पण त्यानं ते राखलं जात नाही, नुसतं खिळून राहतं.

"आमच्या आयांनी आठ-आठ पोरं वाढवली, त्या कधी दमल्या नाहीत," असं म्हातारी माणसं म्हणतात. त्या दमत होत्या, फक्त बोलत नव्हत्या, ही एक गोष्ट. आठांतली काही हाती लागत नसत, ही दुसरी. पण त्यांच्या म्हणण्यात खरंही थोडं आहे. वाड्यात चुलत्या होत्या, नणंदा होत्या, ओसरीवर म्हातारा आजा होता. मूल एकीच्या कडेवरून दुसरीच्या कडेवर जाई. राखण दहा जणांत वाटली जाई आणि कुणालाच ती जाणवत नसे. आज वाटण्या झाल्या, घरं मळ्यात गेली, सासूबाई शेतात राबतात. दहा जणांची राखण एकीवर आली.

शिवाय राखण्यासारखे धोकेही बदलले. डिंभ्याचं धरण झालं, कालवे आले आणि जुन्नर-आंबेगावच्या शिवारात बारमाही पाणी खेळू लागलं. त्यानं सुबत्ता आली. पण कालव्याचा काठ, विहीर आणि प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं ही तिन्ही लहान मुलांना घातक ठिकाणं आहेत. शेततळ्याच्या कागदावर मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही, मग मुलाचं काय! पाण्याबरोबर ऊस वाढला आणि उसाबरोबर बिबट्या आला. दाट उसात त्याला लपण मिळतं, वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरं मिळतात. माद्या उसातच पिल्लं घालतात. जुन्नर वन विभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत, बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलं गेली आहेत. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालवावं लागतं, यावरून प्रश्न केवढा आहे ते समजावं. वन खातं सांगतं, अंधार पडल्यावर मुलांना एकटं अंगणात सोडू नका, घराभोवती उजेड ठेवा, गोठा बंदिस्त करा. सल्ला योग्यच आहे. पण तो पाळणार कोण? धारा, चूल आणि दिवेलागण यांची गर्दी नेमकी ज्या वेळेला असते, त्याच वेळेला अंगणात डोळा ठेवायचा असतो. तो डोळा घरी असणाऱ्या बाईचा. जिच्याबद्दल आपण "काही करत नाही" असं सांगतो, तिच्या त्या एका डोळ्यावर घरातलं मूल जिवंत राहण्याचा भार आहे.

तिसरी जात ध्यानात ठेवण्याच्या कामांची. ती तर कुणालाच दिसत नाहीत, कारण ती डोक्यात चालतात. बाळाच्या लशींचं घ्या. जन्मल्याबरोबर, मग दीड महिन्याला, अडीच महिन्यांना, साडेतीन महिन्यांना, मग नववा महिना भरल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. कार्ड असतं, आशाताई आठवणही करतात. पण ते कार्ड पेटीतल्या कुठल्या पिशवीत आहे, आदल्या लशीला ताप आला होता की नाही, आज सर्दी आहे तर न्यावं की नाही, हे आईच्या डोक्यात असतं. मोठीला फणसाचा गरा सोसत नाही. धाकट्याला काल जुलाब झाले, तर मीठ-साखरेचं पाणी द्यायचं आणि जस्ताची गोळी दवाखान्यात सांगितली तेवढे दिवस पुरी करायची. गॅसची टाकी संपत आली आहे. सासूबाईंची गोळी परवा संपेल. चुलत नणंदेच्या घरी बारसं आहे. वडीलधाऱ्यांना फोन केलेला नाही. नवरा मदतीला तयार असतो, नाही असं नाही. तो म्हणतो, "काय करायचं ते सांग, करतो." पण 'सांगणं' हेच मुळात काम आहे, आणि तेच तिच्याकडे राहतं. गड्यापेक्षा मुकादमाला मजुरी जास्त का देतात, हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

आता दुसरा प्रश्न. एवढं काम झाकलं कसं जातं? मी अर्थशास्त्र शिकवतो, आणि या बाबतीत माझ्या शास्त्राचाच कारभार थोडा गमतीचा आहे. राष्ट्राचं उत्पन्न मोजताना गाईचं दूध मोजतात. ते डेअरीला घातलेलं असो की घरी प्यालेलं असो, उत्पादन म्हणून ते हिशेबात येतं. पण तेच दूध तापवणं, निववणं, वाटीत घेऊन मुलाला पाजणं हे काम राष्ट्राच्या हिशेबात धरत नाहीत. म्हणजे गाईचं काम धरतात, बाईचं धरत नाहीत! पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं 1920 साली आपल्या ग्रंथात ही विसंगती दाखवून दिली होती. त्याचं म्हणणं आपल्या भाषेत असं सांगता येईल, की एखाद्यानं पगारी स्वयंपाकीणबाईशीच लग्न लावलं, तर घरातली भाकरी तेवढीच राहते, पण देशाचं उत्पन्न मात्र त्या पगाराइतकं घटतं. आपण उलटही करून पाहू. शेजारच्या दोन बायांनी एकमेकींची मुलं रोजंदारीवर सांभाळली, तर देशाचं उत्पन्न वाढलं म्हणायचं. मुलं तीच, बाया त्याच, अंगणही तेच.

खानेसुमारीतही असंच झालं. फक्त घरकाम करणाऱ्या स्त्रिया काम न करणाऱ्या लोकांत मोडल्या जात. 2001 च्या खानेसुमारीत अशा स्त्रियांना भिकारी आणि कैदी यांच्या जोडीला बसवलं, याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं 2010 साली एका निकालात स्पष्ट नापसंती दाखवली.

हल्ली मात्र मोजण्याचा एक चांगला प्रयत्न झाला आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं 2019 साली साऱ्या देशात वेळेच्या वापराची पाहणी केली. घरोघर जाऊन माणसांना विचारलं, की काल पहाटे चार वाजल्यापासून आज पहाटे चारपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाला तुम्ही काय करत होता? सहा वर्षांवरच्या स्त्रियांत शंभरातल्या 81 जणी घरकाम करत होत्या, पुरुषांत शंभरातले 26. घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होती, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. घरकाम करणारा पुरुष 97 मिनिटं. मुलं, म्हातारी, आजारी यांच्या देखभालीत बाई 134 मिनिटं आणि पुरुष 76 मिनिटं. 2024 साली अशीच पाहणी पुन्हा झाली. तिच्यात घरकामाचे आकडे बाईसाठी 289 मिनिटं आणि पुरुषासाठी 88 मिनिटं असे आले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषाची नऊ.

हे आकडे मोलाचे आहेत. तरी ते सरासरीचे आहेत हे विसरू नये. त्यांत कॉलेजातली मुलगीही आली आणि नातवंडं मोठी झालेली आजीही आली. कडेवर मूल असलेल्या आईचा दिवस याहून लांब असणार, हे उघड आहे. आणि वर सांगितलेली राखण अशा मोजणीत नीट सापडत नाही. भाकरी थापताना तिचा डोळा मुलावर होता. कागदावर त्या अर्ध्या तासाचं मुख्य काम लिहिलं जातं स्वयंपाक. डोळ्याचा हिशेब राहूनच जातो.

बाईच्या कामाची किंमत आपल्याकडे एका ठिकाणी मात्र पैशांत ठरते, आणि ते ठिकाण आहे न्यायालय. अपघातात घरची बाई दगावली, तर नुकसानभरपाई किती द्यायची हा प्रश्न येतो. 1989 साली जमशेदपूरला एका समारंभात आग लागून पुष्कळ बायामुलं दगावली. त्या खटल्यात 2001 साली सर्वोच्च न्यायालयानं घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाची किंमत महिन्याला 3000 रुपये धरली, आणि ही किंमत बेताची आहे असं समजूनच धरली. जानेवारी 2021 मध्ये दुसरा निकाल आला. दिल्लीत रस्त्यावरच्या अपघातात आईबाप दोघंही गेले होते आणि मागे लहान मुली राहिल्या होत्या. त्या निकालात न्यायमूर्तींनी मघाची 299 मिनिटांची पाहणीच पुढे ठेवली आणि सांगितलं, की घरच्या बाईचं उत्पन्न धरणं म्हणजे तिच्या श्रमाला मान देणं आहे. निकाल फार चांगला आहे. पण विचार करण्यासारखी गोष्ट ही, की ती जिवंत असताना जी रेघ ओढली गेली होती, तिच्यावर आकडा पडायला तिला मरावं लागलं.

कुणी विचारील, आईच्या मायेला भाव लावायचा का? मुळीच नाही. माया ही माया आहे. मूल पहिलं पाऊल टाकतं ते पुष्कळदा दुपारी, घरात आणखी कुणी नसताना. ते पाहायला ती असते आणि तिचा सारा शीण त्या घटकेला उतरतो. तो आनंद तिचा आहे, त्याला किंमत नाही. पण बापाचीही मुलावर माया असतेच, म्हणून त्यानं बाजारात नेलेल्या कांद्याचे पैसे आपण मोजायचे सोडतो का? मायेनं केलं म्हणून काम कामच राहतं. ते काम आहे एवढं मान्य झालं, की ते वाटून घेता येतं. न दिसणारी वस्तू वाटता येत नाही.

इथून तिसरा प्रश्न सुरू होतो : नुकसान कुणाचं?

पहिलं नुकसान तिच्या अंगाचं. सगळ्यांना वाढून झाल्यावर जे उरेल ते ती खाते. कालवण संपलं असेल तर चटणी-भाकर. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांत 54 जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. सहा महिने ते पाच वर्षं या वयाच्या मुलांत हे प्रमाण शंभरात जवळजवळ 69 होतं. रक्त कमी होण्याला कारणं अनेक आहेत, सगळा दोष ताटाला देता येणार नाही. पण दिवसभर उभी राहणारी आणि अंगावर पाजणारी बाई शेवटी आणि कमी जेवते, हे चांगलं लक्षण नव्हे. ज्या गाईचं दूध डेअरीला जातं तिच्यापुढे आपण पेंड आधी ठेवतो.

दुसरं नुकसान मोठ्या मुलीचं. शिक्षक बंधुभगिनींनो, हे खास तुमच्यासाठी. आईला हात पुरत नाहीत तेव्हा ती कुणाचा हात घेते? थोरल्या मुलीचा. हजेरीपटावर जी मुलगी आठवड्यातून दोन दिवस नसते, ती पुष्कळदा घरी धाकट्या भावाला घेऊन बसलेली असते. तिला "शाळा का बुडवतेस?" असं रागे भरून काही होत नाही, तिच्या आईची राखण हलकी झाली तरच ती शाळेत येईल.

ही गोष्ट महाराष्ट्रात दोन थोर बाईंनी फार लवकर ओळखली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. त्यांनी 1945 साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असा त्यांनी विचार केला. 'अंगणवाडी' या शब्दाचं माहेर तिथं आहे. मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळतात म्हणून शाळेला मुकतात हे पाहून, पाळणाघर, बालवाडी आणि शाळा त्यांनी एका जागी आणली. ताई आपल्या भावाला घेऊनच शाळेला येई. भाऊ पाळण्यात आणि ताई पाटीवर. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. मात्र अंगणवाडी तीन वर्षांवरच्या मुलांना काही तास घेते. त्याहून लहान मुलांची दिवसभराची राखण बहुतेक गावांत अजून आईच्याच गळ्यात आहे. कोसबाडला ताराबाईंनी मांडलेला पाळणा अजून गावोगाव पोहोचायचा आहे.

मग करायचं काय? मोठमोठ्या योजनांची वाट न पाहता घरच्या घरी आणि गावच्या गावात करता येण्याजोग्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, बापमाणसांनी करायची. 'मदत' करू नका. एक ठरावीक वेळ राखण आपल्या अंगावर घ्या. दिवेलागणीचा एक तास धरा. त्या तासात मूल तुमचं. भूक, शी, रडणं, अंगण, सगळं तुमच्याकडे. तिला हाक मारायची नाही. ती त्या तासात स्वयंपाक करील किंवा भिंतीला टेकून नुसती बसेल. रोज एक सलग तास मिळाला, तर उरलेले तुकडे तिला सोसतील.

दुसरी, सासूबाईंनी करायची. ताट एकदम वाढा. सुनेचंही त्याच पंगतीत वाढा आणि तिचं जेवण होईपर्यंत नातू मांडीवर घ्या. तुम्हांला जे मिळालं नाही ते तुमच्या हातून तिला मिळालं, तर घर शिकल्यासारखं होईल.

तिसरी, गावानं करायची. शेततळ्याला कुंपण आणि आत सोडलेला दोर, उघड्या विहिरीला कठडा, वस्तीवरच्या अंगणात दिवा, अंगणवाडीच्या वाटेकडेच्या रानाची साफसफाई. ग्रामसभेत हे विषय बायांनी मांडावेत आणि गड्यांनी त्यांना दुजोरा द्यावा. यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे कुणा तरी आईच्या डोळ्याला मिळालेली विश्रांती आहे. एका आळीतल्या चार आयांनी पाळी लावून एकमेकींची मुलं दोन-दोन तास सांभाळली, तर त्याला सरकारी कागद लागत नाही.

चौथी, शिक्षकांनी करायची. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचं नाव लिहायचं, मग वडिलांचं, असा महाराष्ट्र सरकारचा निर्णय झाला आहे. ही मुलं तुमच्या वर्गात येतील तेव्हा हजेरी घेताना आईचं नाव रोज तुमच्या तोंडी येईल. नावाबरोबर कामही येऊ द्या. वरच्या वर्गातल्या मुलांना एक प्रयोग द्या. सुटीच्या दिवशी पहाटेपासून रात्रीपर्यंत घरातल्या एकेका माणसानं दर अर्ध्या तासाला काय केलं ते वहीत लिहून आणायचं, आणि शेजारी आणखी एक रकाना आखायचा : त्या वेळी मुलावर लक्ष कुणाचं होतं? गणिताचा तास आहे, बेरीज करू द्या. मराठीचा तास आहे, वाचून दाखवू द्या. मुलगे आणि मुली दोघांकडूनही करून घ्या. दहा वर्षांचा मुलगा ती बेरीज स्वतः करील तेव्हा त्याला भाषण द्यावं लागणार नाही, आणि वीस वर्षांनी त्याच्या घरातल्या भाकऱ्या अर्ध्या तासात होतील, कारण रांगतं मूल त्याच्या कडेवर असेल.